कॉट बेसिस

मंडईच्या मागच्या अंगाला शुक्रवार पेठेच्या गल्ल्यांत शिरलं की विजेच्या डीपीवर, जिन्याच्या तोंडाशी, बंद दुकानांच्या शटरवर दोन प्रकारच्या जाहिराती हटकून दिसतात. एक : ‘मुलांसाठी कॉट बेसिसवर जागा. फक्त विद्यार्थी. पाणी सकाळी.’ दुसरी : ‘जावा फुल स्टॅक, पायथन, सॉफ्टवेअर टेस्टिंग. नॉन-आयटीवाल्यांसाठी खास बॅच. शंभर टक्के प्लेसमेंट साहाय्य.’ दोन्हींच्या खालच्या कडेला कात्रीने पट्ट्या कापलेल्या, प्रत्येक पट्टीवर फोन नंबर. कुठल्या जाहिरातीच्या पट्ट्या जास्त फाडून नेल्यात ते बघावं. कॉटच्या.

इंजिनिअरिंगची पदवी नसताना, किंवा असली तरी भलत्याच शाखेची असताना, बाहेरगावाहून पुण्यात येऊन आयटीत शिरणाऱ्या मुलांबद्दल पुष्कळ बोललं जातं. चर्चा नेहमी कोर्सची होते. जावा करावं की डेटा, सीडॅक बरं की क्लास, आता एआय शिकावं का. माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. कोर्स आज फुकटात मिळतो. जावाचे तासच्या तास व्हिडिओ हिंदीत आहेत, मराठीतही आहेत. फुकट मिळत नाही ती कॉट, आणि दोन वेळचं ताट.

जिंतूर तालुक्यातल्या एका मुलाने मला मोबाइलमधला हिशोब दाखवला. मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. शिफ्ट सोडून तो इथे आला होता. कॉट २,८००. मेस ३,२००. चहा-नाश्ता, रिचार्ज, बसपास, झेरॉक्स मिळून २,०००. महिन्याला आठ हजार. क्लास चार महिने, पुढे नोकरी लागेपर्यंत सहा महिने धरलेले. क्लासची फी ३५,०००.

“सर, शिकायला पस्तीस हजार आणि शिकता शिकता जगायला ऐंशी हजार,” तो म्हणाला. “फी तरी हप्त्याने घेतात. मेसवाल्या काकू ऍडव्हान्स मागतात.”

पैसे कुठून आणले? आईच्या बचत गटाचं कर्ज आणि चाकणची शिल्लक. वडिलांना अजून वाटतं की पोरगा कंपनीतच आहे.

त्याची खोली पाहिली. जुन्या वाड्याचा पहिला मजला, लाकडी जिना, दहा बाय बाराच्या खोलीत चार लोखंडी खाटा. खाटेखाली बॅग, बादली, चपला. भिंतीतल्या एका प्लगवर एक्स्टेन्शन बोर्ड, त्यावर दुसरा बोर्ड, आणि त्याच्यावर चारही जणांचे चार्जर. टेबल नाही. लॅपटॉप उशीवर ठेवून, पाठ भिंतीला टेकवून कोड लिहायचा. चौघांत दोघे एमपीएससीवाले, एक बी.एस्सी. केलेला, एक हा. रात्री बाराला दिवा घालवायचा असा करार. पुढे ज्याला जागायचं त्याने मोबाइलच्या उजेडात. लॅपटॉप सेकंडहँड, बॅटरी गेलेली. वायर निघाली की बंद पडतो आणि सेव्ह न केलेलं सगळं जातं, म्हणून प्रत्येक ओळीनंतर सेव्ह दाबायची सवय लागलेली. ती सवय कुठल्याही क्लासने लावली नसती, हे एक बरं.

क्लास डेक्कनला, नोकरी लागलीच तर हिंजवडीला किंवा खराडीला, मग राहायचं मंडईपाशी का? कारण इथे जेवण स्वस्त आहे. मंडईत रात्री उशिरा उरलेल्या भाजीचे वाटे उतरत्या भावाने जातात, आणि पेठांतल्या घरगुती मेस त्यावर चालतात. मेसची स्वतःची भाषा आहे. जेवायला आला नाही तर ‘खाडा’. आदल्या दिवशी सांगितलं तर खाडा धरतात, नाही सांगितलं तर नाही. मित्राला आणलं तर ‘पाहुणा’, त्याचे पैसे वेगळे. रविवारी दुपारी ‘फीस्ट’, संध्याकाळी मेस बंद. ती रविवारची संध्याकाळ हा या मुलांचा नेहमीचा प्रश्न. बहुतेक जण दुपारी दोन वेळचं जेवून घेतात. पूर्वी ऑफिसला लांब पडायचं, पण २९ सप्टेंबर २०२४ पासून मंडईला भुयारी मेट्रोचं स्टेशन झालं, सिव्हिल कोर्टला गाडी बदलली की रामवाडीपर्यंत जाता येतं. त्यामुळे हल्ली नोकरी लागल्यावरही काही जण कॉट सोडत नाहीत.

पुण्याला हे नवं नाही. शिकायला आलेल्या गरीब मुलाला आधी जेवू घालायचं, मग शिकवायचं, ही या शहराची जुनी रीत होती. माधुकरी मागणं, वार लावून जेवणं ही तिची रूपं. जातीची चौकट तिला घट्ट होती, ब्राह्मण मुलाला जे दार उघडायचं ते इतरांना उघडायचं नाही, हे विसरून तिचे गोडवे गाऊ नयेत. पण तिच्यातून १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह उभं राहिलं, आजचं पुणे विद्यार्थी गृह. माधुकरीवर राहणाऱ्या मुलांना निवारा देता देता या संस्थेने छपाईचं शिक्षण सुरू केलं. त्या काळी छापखाना म्हणजे तंत्रज्ञानच. हातात कौशल्य आलेला मुलगा बाहेर पडायचा तो खिळे जुळवत, आणि पोटाला लागायचा. पुढे १९५५ साली डॉ. अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती काढली. खेड्यातून आलेल्या मुलांसाठी वसतिगृह, आणि वसतिगृहातली कामं मुलांनीच करायची. आजही ग्रामीण मुलामुलींना तिचा मोठा आधार आहे. मात्र अशा वसतिगृहांचं दार कॉलेजात प्रवेश असलेल्यांसाठी असतं. क्लासची पावती तिथे चालत नाही.

याच्याही आधीचा माणूस ज्याचं नाव मंडईला आहे तो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली आपल्या घरात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालवली. दिवसा कामाला जाणाऱ्याला दिवसा शाळेत या म्हणण्यात अर्थ नाही, हे त्यांना तेव्हा कळलेलं होतं. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी मागास जातींच्या मुलांना शाळेत टिकवण्यासाठी छोट्या छोट्या शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं मागितली, कारण पोर शाळेत बसलं की घरची मजुरी बुडते. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी मंडईच्या या भव्य इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असं त्यांचं म्हणणं. इमारत झालीच. १८८६ साली मुंबईच्या गव्हर्नराच्या नावाने रे मार्केट म्हणून तिचं उद्घाटन झालं, आणि आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. ज्याला नको होती, त्याचंच नाव. पुणेकरांना यातली गंमत क्वचितच जाणवते. मंडईच्या कट्ट्यावर सगळ्या विषयांवर मतं देणाऱ्यांची जी जमात आहे तिला ‘मंडई विद्यापीठ’ म्हणतात, तेवढंच त्यांना माहीत.

रात्रीच्या शाळेची परंपरा इथून हाकेच्या अंतरावर अजून जिवंत आहे. नातूबागेपाशी सरस्वती मंदिर संस्थेचं पूना नाइट हायस्कूल आहे, शंभरी ओलांडलेलं. हॉटेलात काम करणारी, दुकानात नोकर असलेली मुलं, अर्ध्यात शाळा सुटलेल्या बायका तिथे संध्याकाळी दहावी करतात. आयटीचा रस्ता इथून फार लांबचा वाटेल. पण दहावीशिवाय पुढचा एकही फॉर्म भरता येत नाही, आणि रात्रीच्या शाळेत शिकणाऱ्याला दिवसाची कमाई सोडावी लागत नाही. सॉफ्टवेअरच्या क्लासवाल्यांना एवढी साधी गोष्ट अजून नीट जमलेली नाही. ‘वीकेंड बॅच’ असते खरी, पण ती आधीच आयटीत असलेल्यांसाठी. चाकणला तीन पाळ्यांत काम करणाऱ्याला शनिवार-रविवार कुठला?

मग रस्ते कोणते आहेत? पुण्यात सगळ्यात जुना आणि अजूनही सगळ्यात भरवशाचा म्हणजे सीडॅक. अमेरिकेने महासंगणक द्यायला खळखळ केली म्हणून १९८८ साली ही संस्था पुण्यात निघाली, डॉ. विजय भटकरांच्या हाताखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला, हे शाळेच्या पुस्तकापर्यंत पोचलेलं आहे. भटकर स्वतः अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. पण महाराष्ट्रातल्या हजारो घरांना सीडॅक माहीत आहे ती परममुळे नाही, ‘डॅक’मुळे. संस्थेच्या प्रशिक्षण शाखेने, म्हणजे ॲक्ट्सने, नव्वदच्या दशकात सुरू केलेला हा सहा महिन्यांचा पदविका अभ्यासक्रम. सी-कॅट नावाची प्रवेश परीक्षा, वर्षाला दोन बॅच, नऊशे तासांचं शिक्षण. सकाळी लेक्चर, दुपारी लॅब, रात्री असाइनमेंट, आठवड्याचे सहा दिवस. पुण्यात सीडॅकचं स्वतःचं केंद्र आहेच, शिवाय हिंजवडीचं सनबीम, आकुर्डीचं आयएसीएसडी अशी संलग्न केंद्रं. शेवटी केंद्रीय परीक्षा, आणि मग सगळ्या केंद्रांतल्या मुलांची एकत्र प्लेसमेंट. लातूर-सोलापूर-जळगावकडच्या ज्या मेकॅनिकल, सिव्हिल आणि इलेक्ट्रिकलच्या मुलांना त्यांच्या शाखेत पंधरा हजारांवर कोणी विचारत नव्हतं, त्यांना या सहा महिन्यांनी आयटीत नेलं. ‘सीडॅक कर’ हा सल्ला मराठवाड्यातल्या शिक्षकांच्या खोल्यांत आजही दिला जातो.

पण दार सगळ्यांना उघडं नाही. इंजिनिअरिंगची पदवी, एमसीए किंवा गणित-संगणकासारख्या विषयात एम.एस्सी. लागते, आणि ५५ टक्के गुण. नुसता बी.ए., बी.कॉम. वाला बाहेर, आणि डिप्लोमावाला आमचा जिंतूरकरही बाहेर. फी ९०,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,०६,२००. जीएसटीचा तो आकडा मला नेहमी खुपतो. पॉपकॉर्नच्या जीएसटीवर आपल्याकडे महिनाभर चर्चा होते, शिकण्यावर लावलेल्या सोळा हजार दोनशेबद्दल कोणी बोलत नाही. आणि राहणं-खाणं यात धरलेलं नाही. डॅकच्या अभ्यासात दुसरं काम करणं शक्यच नसतं, त्यामुळे ते सहा महिने आणि प्लेसमेंटची वाट बघण्याचे पुढचे महिने घरूनच पैसे यावे लागतात.

दार बंद झालेल्यांसाठी क्लास. एनआयआयटी आणि ॲप्टेकच्या काळापासून पुण्यात ही परंपरा आहे; १९९४ सालच्या सीड इन्फोटेकने इथल्या दोन पिढ्यांना सी आणि जावा शिकवलं. आता डेक्कन, कर्वेनगर, वाकड, जिकडे बघावं तिकडे क्लास. त्यांत मनापासून शिकवणारे आहेत. एका गल्लीतल्या क्लासमध्ये मी मागच्या बाकावर बसलो होतो. मास्तर तिशीतला, नोकरी सोडून शिकवायला लागलेला. ‘इनहेरिटन्स’ समजावताना त्याने फळ्यावर सातबारा काढला : बापाच्या नावावर काय, पोराकडे आपोआप काय आलं, पोराने स्वतः काय वाढवलं, आणि बापाने ‘प्रायव्हेट’ ठेवलेल्या जमिनीला पोराला हात का लावता येत नाही. अख्ख्या वर्गाला एका झटक्यात कळलं. इंग्रजीच्या धास्तीने गप्प बसलेली मुलं वाद घालायला लागली, एकाने तर वारसनोंदीची चूक दाखवली. असा मास्तर भेटला तर पस्तीस हजार वसूल.

पण दुसराही प्रकार आहे आणि तो फैलावलेला आहे. कोर्स संपून दोन-तीन महिने झाले, मुलाखतींत ‘फ्रेशर नको’ ऐकून ऐकून मुलगा खचला की कोणीतरी हळूच सुचवतं : ‘थ्री प्लस दाखव.’ म्हणजे तीन वर्षांचा अनुभव. पैसे भरले की ऑफर लेटर, पगाराच्या पावत्या, रिलीव्हिंग लेटर, सगळं तयार. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये पीएफच्या खात्यावर तेवढ्या वर्षांची नोंद नसली की भांडं फुटतं, आणि रुजू झालेल्या माणसाला चार महिन्यांनी घरी बसवतात. हा मुलांचा लबाडपणा म्हणून सोडून देणाऱ्यांनी एक आठवावं. ज्याच्याकडे अजून सहा महिने थांबायची ऐपत आहे तो खोटा अनुभव विकत घेत नाही. पुढच्या महिन्याच्या मेसचे पैसे नसलेला घेतो. खोट्याचं समर्थन नाही करत मी. पण तो खरेदी करतो ती वेळ, हे दिसतं.

यातल्या बऱ्याच जणांची पहिली पायरी ठरलेली असते : टेस्टिंग. कोडिंग येत नसलं तरी चालतं असं त्यांना सांगितलेलं असतं. एमपीएससीत पाच-सहा वर्षं घालवलेली, सत्ताविशी-अठ्ठाविशीची मुलं तर थेट इकडेच वळतात. त्यांना मुलाखतीत पहिला प्रश्न ‘गॅप किती?’ राज्यघटनेपासून मान्सूनपर्यंत सगळं पाठ असलेला, दोन मुख्य परीक्षा दिलेला माणूस बायोडेटावर कोरा दिसतो. आणि ‘थ्रू-आउट साठ टक्के’ ही दुसरी आडकाठी. दहावीला अठ्ठावन्न पडले असतील तर पुढे काहीही करा, चाळणीतून खाली.

मुक्त विद्यापीठ हा रस्ता कागदावर सुंदर आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला स्थापन झालं, डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू. काम करता करता बीसीए करता येतं, फी परवडते. पण कितीतरी कंपन्यांच्या जाहिरातीत ‘फुल टाइम रेग्युलर डिग्री’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ताकवल्यांनी घडवलेल्या पदवीला कायदा मान देतो, एचआरचं सॉफ्टवेअर देत नाही. संगणकसाक्षरतेच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाची गोष्ट वेगळी. एमकेसीएलने २००१ नंतर खेडोपाडी संगणक नेला, विवेक सावंतांचं ते मोठं काम. पण त्यातून माउस हातात आला, नोकरी नाही. आणि नोकरी देणं हे त्याचं कामही नव्हतं.

आता एक रस्ता असा, ज्याला कोणी आयटी म्हणत नाही. मंडईवरून बुधवार पेठेकडे निघालं की तपकीर गल्ली लागते. इलेक्ट्रॉनिक्सची बाजारपेठ. रेझिस्टर, कपॅसिटर, एलईडी, सोल्डर वायर किलोवर आणि डझनावर. दिवाळीच्या माळांपासून इंजिनिअरिंगच्या मुलांच्या प्रोजेक्टला लागणाऱ्या आर्डुइनो बोर्डापर्यंत सगळं. फायनल इयरची मुलं इथे येऊन चिठ्ठीवरचे नंबर वाचून दाखवतात आणि काउंटरमागचा दहावी पास पोरगा न बघता ड्रॉवर ओढतो : “हा आयसी बंद झाला दादा, हा घ्या, पिन टू पिन तोच आहे.” चार वर्षांच्या पदवीने जे शिकवलं नाही ते दुकानात उभं राहून शिकलेलं.

या भागातल्या मोबाइल दुरुस्तीच्या एका टपरीवजा दुकानात बिहारहून आलेला एक मुलगा मायक्रोस्कोपखाली बोर्ड धरून बसला होता. वयाने विशीतला. हॉट एअर गनने चिप सोडवायची, खालचे कथिलाचे जुने मणी पुसून काढायचे, जाळी लावून नवे बसवायचे, आणि चिप परत जागेवर. याला रीबॉलिंग म्हणतात. गनची उष्णता जरा वाढली की शेजारचा भागही सुटतो, कमी पडली की चिप निघता निघता खालची पट्टी उखडते आणि बोर्ड गेला. हात हलता कामा नये. तो श्वास धरून होता, मी बोलायचं थांबलो. हे कुठे शिकलास विचारलं तर म्हणाला, “उस्तादच्या हाताखाली.” मराठी त्याला गल्लीने शिकवली. पहिले काही महिने फक्त मोबाइल उघडणं आणि स्क्रू जपून ठेवणं. पगार पहिल्या महिन्यापासून, थोडा का होईना. झोपायला दुकानाचा पोटमाळा.

हे मला महत्त्वाचं वाटतं. शिकायला पैसे मोजण्याऐवजी शिकताना पैसे मिळणं, आणि सोबत झोपायला जागा. इथून निघालेली मुलं सीसीटीव्ही बसवतात, नेटवर्किंगच्या केबल ओढतात, त्यातली काही डेस्कटॉप इंजिनिअर होऊन कंपन्यांत शिरतात, आणि एखादा सीसीएनए करून सर्व्हर रूमपर्यंत जातो. वेग कमी, पण कर्ज नाही. याचं कौतुकही आवरतं घ्यावं लागेल : हाताखालची वर्षं किती, हे उस्ताद ठरवतो, करार कुठे नसतो, आणि पीएफ हा शब्द तिथे कोणी ऐकलेला नाही.

गंमत म्हणजे बड्या कंपन्या अगदी असंच करतात. इन्फोसिस कॅम्पसमधून निवडलेल्या मुलांना मैसूरला नेते, वसतिगृहात ठेवते, महिनोन् महिने जावा आणि डेटाबेस शिकवते आणि वर पगार देते. म्हणजे कॅम्पस प्लेसमेंट मिळालेला मुलगा तोच जावा खाऊन-पिऊन, पगार घेऊन शिकतो. आणि मंडईतला मुलगा तोच जावा कॉटचं भाडं भरून, आईच्या बचत गटाचं व्याज भरून शिकतो. दोघांत बुद्धीचा फरक असेलच असं नाही. एकाचं कॉलेज कंपनीच्या यादीत होतं.

चेन्नईच्या झोहोने हे ओळखलं. २००५ च्या सुमारास त्यांनी स्वतःची शाळा काढली. कॉलेजला न गेलेल्या मुलांना घ्यायचं, शिकवायचं आणि शिकताना विद्यावेतन द्यायचं. फी नाहीच. एचसीएलचा टेकबी कार्यक्रम बारावीनंतर मुलांना घेतो, प्रशिक्षण, मग नोकरी, आणि नोकरीसोबत पदवी. नवगुरुकुल ही २०१६ सालची संस्था गरीब घरच्या मुलींना निवासी ठेवून प्रोग्रामिंग शिकवते; राहणं, जेवण, लॅपटॉप संस्थेचा, फी नाही. झोहोचा आणि नवगुरुकुलचा अभ्यासक्रम फार वेगळा नाही. वेगळं आहे ते ताट.

युरोपात २०१५ साली सीरियातून लोंढे आले तेव्हा बर्लिनमध्ये पुढच्याच वर्षी रेडी स्कूल निघालं, निर्वासितांना कोडिंग शिकवणारं. त्याला यश आलं याचं श्रेय शिकवणाऱ्यांना द्यावंच, पण विद्यार्थ्यांच्या डोक्यावरचं छप्पर आणि महिन्याचा भत्ता जर्मन सरकार देत होतं, हेही धरावं. आपल्या माणसांचं उदाहरण उलट्या बाजूचं आहे. एच-फोर व्हिसावर नवऱ्याबरोबर अमेरिकेत गेलेल्या मराठी बायका : पुण्यातली एम.कॉम., नागपूरची एम.एस्सी. बॉटनी. घर आहे, जेवण आहे, दिवसभर वेळ आहे; काम करायची परवानगी नव्हती. २६ मे २०१५ पासून, नवऱ्याचं ग्रीन कार्ड ठरावीक टप्प्यावर पोचलं असेल तर, ती मिळू लागली, आणि न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत टेस्टिंगचे, डेटाचे क्लास आपल्या बायकांनी भरले. कम्युनिटी कॉलेजात चाळिशीत पायथन शिकणाऱ्या बाईला माझ्या ओळखीतले लोक ‘किती जिद्द’ म्हणतात. जिद्द असतेच. शुक्रवार पेठेतही आहे.

आपल्या सरकारच्या योजना या विषयाच्या आसपास येतात आणि थांबतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत पुण्यासारख्या शहरात वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला वर्षाला ६०,००० रुपये मिळतात : भोजनाला ३२,०००, निवासाला २०,०००, निर्वाहाला ८,०००. ज्याने हे आकडे बसवले त्याला कॉट आणि मेस माहीत होती. फक्त हे मान्यताप्राप्त कॉलेजच्या अभ्यासक्रमांना, सहा महिन्यांच्या क्लासला नाही. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली : बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीला १०,००० महिना. पदविकेला आठ हजार! जिंतूरच्या मुलाच्या हिशोबातला आकडा, तंतोतंत. पण हे पैसे एखाद्या आस्थापनेत काम शिकण्यासाठी, आणि बऱ्याच ठिकाणी ते काम म्हणजे सरकारी कार्यालयात फायली हलवणं. अशा योजनेची एक खिडकी सॉफ्टवेअर शिकणाऱ्यासाठी उघडायला फार मोठी अक्कल लागू नये.

हे सगळं आता का लिहायचं, तर दिवस पालटलेत. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. नव्या मुलांची भरती सगळीकडे जपून चाललेली. टेस्ट केस लिहिणं, छोटे दोष शोधणं, साधा कोड टाकणं ही जी पहिल्या पायरीची कामं होती ती एआयची साधनं करू लागली. क्लासवाल्यांनी जाहिरातीत ‘जेन एआय’ घालून फी वाढवली. शिकून झाल्यावर नोकरी लागेपर्यंतचा काळ लांबतोय, आणि तो काळच सगळ्यात महाग आहे. पूर्वी ज्याचं सहा महिन्यांत निभायचं त्याला वर्ष धरावं लागतं. ज्यांच्या घरी वर्षभर पुरवायची ताकद आहे तेच टिकतील. अडचणीतल्या घरची मुलं आधी गळतील, आणि लोक म्हणतील, त्यांचं स्किल कमी पडलं.

मुलींचं गणित याहून अवघड. कॉट बेसिसच्या जाहिरातींत मुलींच्या जागा कमी, भाडं जास्त, आणि रात्री साडेनऊला गेट बंद. संध्याकाळची बॅच धरता येत नाही. सुरक्षित ओळखीची जागा म्हणून घरचे मावशीच्या नाहीतर आत्याच्या घरी ठेवतात. तिथे मग सकाळचा स्वयंपाक करून क्लास. हिंगोलीकडची एक मुलगी भेटली, बी.एस्सी., टेस्टिंगमध्ये आठ महिन्यांनी नोकरी लागलेली. वाकडला राहायला गेली असती तर ऑफिस जवळ पडलं असतं. गेली नाही. आपली कॉट तिने गावच्या चुलत बहिणीसाठी धरून ठेवली होती, भाडं दोन महिने स्वतः भरलं. बहिणीची परीक्षा जूनमध्ये संपणार होती. दोघींचा फोनवर वाद चालला होता : बहिणीला डेटा ॲनालिटिक्स करायचंय, हिचं म्हणणं आधी एसक्यूएल पक्कं कर, मग बघू, आणि इंग्रजी बोलायची लाज सोड.

“ताई, पण मेसचं काय?” पलीकडून आवाज आला.

“पहिले तीन महिने मी भरते. खाडा आदल्या दिवशी सांगायचा, लक्षात ठेव. चौथ्या महिन्यापासून तुझं तू.”